फोटोत दिसेल तेच डब्यात निघावं

(महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी ‘आपला माल आणि मोबाईलचा फोटो’ या विषयावर केलेली मांडणी. ज्या सदस्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज हिशेबाची वही उघडायची नाही आणि थकलेल्या हप्त्याचा विषयही नाही. आजचा विषय फोटोचा. हसू नका, फोटो हा आता आपल्या धंद्याचाच भाग झालाय.

पूर्वी आपला माल आठवडी बाजारात जायचा. गिऱ्हाईक समोर यायचं, शेवया हातात घेऊन बघायचं, मसाल्याचा वास घ्यायचं, गोधडी उलटी करून टाके तपासायचं आणि मग ‘दोन रुपये कमी करा’ म्हणायचं. आता पुण्या-मुंबईची बाई व्हॉट्सॲपवर माल बघते. तिला वास येत नाही, हात लावता येत नाही. तिच्याजवळ तुम्ही पाठवलेला फोटो तेवढा असतो. पैसे पाठवायचे का नाही, हे ती त्यावरच ठरवते.

आपल्या ग्रुपवर रोज फोटो येतात. त्यात दोन प्रकार मला सारखे दिसतात. एक असतो रात्री स्वयंपाकघरात बल्बखाली काढलेला. कुरडया मळकट, लोणचं काळं, मागं भांड्यांची मांडणी आणि कोपऱ्यात कुणाचा तरी पाय. दुसरा असतो ॲपमध्ये घालून रंग चढवलेला. हळद झेंडूपेक्षा पिवळी आणि तिखट कुंकवासारखं. पहिल्या फोटोमुळं चांगला माल वाईट दिसतो आणि ऑर्डर येत नाही. दुसऱ्यामुळं ऑर्डर येते, पण पार्सल उघडल्यावर गिऱ्हाईक तुटतं. मला विचाराल तर दुसरं नुकसान मोठं, कारण तुटलेलं गिऱ्हाईक आणखी चार जणींना सांगतं.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायचीय. फोटो सुधारायचा म्हणजे माल डोळ्याला जसा दिसतो तसा फोटोत आणायचा. फोन जिथं चुकतो तेवढंच दुरुस्त करायचं आणि तिथं थांबायचं.

फोन कुठं चुकतो

तुम्ही म्हणाल, फोन तर समोर आहे तेच टिपतो. तसं नसतं. कॅमेरा समोरचा उजेड मोजतो आणि सगळा फोटो मिळून मध्यम उजेडाचा व्हावा असा हिशेब करतो. पांढऱ्या कपड्यावर पांढऱ्या कुरडया मांडल्या की त्याला वाटतं उजेड फार झाला. मग तो फोटो अंधारा करतो आणि कुरडया राखाडी दिसतात. काळ्या तव्यात काळा मसाला ठेवला की उलटं होतं. त्याला वाटतं अंधार आहे, तो फोटो उजळ करतो आणि मसाला फिका, धुळकट दिसतो. खोटं वाटत असेल तर घरी जाऊन दोन्ही फोटो काढून बघा.

दुसरी चूक रंगाची. उजेडालाही रंग असतो. जुना बल्ब पिवळा उजेड देतो, एलईडी बहुतेक निळसर पांढरा देतो, दिवसाची सावली थोडी निळसर असते. आपला डोळा हे आपोआप सांभाळून घेतो, फोनला दरवेळी जमत नाही. दारातून दिवसाचा उजेड आणि वरून बल्ब, असे दोन उजेड एकत्र आले तर त्याचा गोंधळ उडतोच.

आपल्याकडं आणखी एक भानगड आहे. आपल्या घरांच्या भिंती निळ्या, हिरव्या, गुलाबी रंगवलेल्या असतात. त्या भिंतीवरून येणारा उजेड तोच रंग घेऊन मालावर पडतो. अंगणात निळी ताडपत्री बांधली असेल आणि तिच्याखाली पापडाचा फोटो काढला, तर पापड निळसरच येणार. हिरव्या शेडनेटखाली हिरवट. असा फोटो ॲपमध्ये कितीही घासला तरी पूर्ण सुधारत नाही. त्यामुळं निम्मं काम फोटो काढतानाच करून घ्यायचं.

ॲप उघडण्याआधी

ही कामं बिनपैशाची आहेत. सवय लागली की दोन मिनिटं पुरतात.

१) कॅमेऱ्याची काच पुसा. आपला फोन पिठाच्या हातानं, तेलाच्या हातानं उचलला जातो. काचेवर बोटांचे ठसे असले की फोटो धुक्यातला वाटतो. पदराचं कोरडं, स्वच्छ टोक घ्या आणि पुसा. पुष्कळ जणींचा ‘कॅमेरा खराब झालाय’ तो इथंच बरा होतो.

२) उजेड दाराचा किंवा खिडकीचा घ्या. थेट ऊन नको. उन्हात एक बाजू पांढरीफटक आणि दुसरी काळी येते. ओसरीत किंवा दाराच्या आत हातभर अंतरावर माल ठेवा, उजेड एका बाजूनं येऊ द्या. घरातला बल्ब बंद करा. दारातून ऊन आत येतच असेल तर जुनं पांढरं धोतर किंवा पांढरी ओढणी पडद्यासारखी बांधा, उजेड मऊ होतो. ज्या बाजूला सावली पडते तिकडं पांढरा कागद उभा धरा, तिथंही उजेड पोचतो.

३) फ्लॅश वापरू नका. लोणच्याच्या तेलावर आणि प्लॅस्टिकच्या पाकिटावर फ्लॅशचा पांढरा डाग पडतो आणि नेमकं लेबलच वाचता येत नाही. पाकीट चमकतंय असं वाटलं तर ते थोडं तिरकं करून बघा.

४) मागची जागा मोकळी ठेवा. सूप, पाट, टोपली, साधी सुती चादर चालेल. वर्तमानपत्र नको, नक्षीची ताडपत्री नको. आणि सजावट माफक. फुलं, रांगोळी, समई एवढं सगळं मांडलं की त्यात पापड कुठंय ते शोधावं लागतं.

५) पडद्यावर मालावर बोट टेकवा. बऱ्याच फोनमध्ये तिथं एक चौकोन किंवा गोल येतो आणि बाजूला छोटं सूर्याचं चिन्ह दिसतं. तो सूर्य वर सरकवला की फोटो उजळतो, खाली सरकवला की गडद होतो. कुरडयांसाठी थोडं वर, काळ्या मसाल्यासाठी थोडं खाली. कॅमेऱ्याची पहिली चूक तुम्ही इथंच सुधारलीत.

६) बोटांनी झूम करू नका, त्यानं फोटो फुटतो. स्वतः पुढं व्हा. पापड, चकली, शेवया अशा पसरलेल्या वस्तूंचा फोटो बरोबर वरून काढा. वाटीतल्या चटणीचा आपण ताटावर बसल्यावर जसं बघतो तसा तिरका. बाटली-बरणीचा मात्र खाली बसून, बरणीच्या उंचीवर फोन धरून. उभ्यानं काढला की बरणी वर रुंद आणि खाली अरुंद दिसते.

७) एका वस्तूचे चार फोटो घ्या. पूर्ण वस्तू, जवळून, हातात धरलेली आणि लेबल. गोधडी असेल तर पूर्ण पसरून एक, टाक्यांचा एक, मागच्या बाजूचा एक आणि घडी घातलेला एक. बाजारात गिऱ्हाईक जे उलटून बघायचं ते सगळं फोटोत आलं पाहिजे.

आता ॲप

नवीन ॲप घ्यायच्या आधी आपल्या फोनमध्ये काय आहे ते बघा. गॅलरीत किंवा गूगल फोटोजमध्ये फोटो उघडला की ‘एडिट’ किंवा ‘संपादित करा’ दिसतं. आपल्या नव्वद टक्के कामाला ते पुरतं. त्यापुढं हवं असेल तर स्नॅपसीड नावाचं ॲप आहे. तेही गूगलचंच, फुकट आहे. प्ले स्टोअरवरूनच घ्या. नावं फोनप्रमाणे थोडी इकडंतिकडं होतात, पण कामं हीच चार.

पहिलं, क्रॉप. म्हणजे कडा कापणं. कोपऱ्यातला पाय, चार्जरची वायर, अर्धं भांडं कापून टाका. चौकोनी कापलेला फोटो व्हॉट्सॲपच्या कॅटलॉगमध्ये नीट बसतो. बरणी वाकडी उभी दिसत असेल तर तिथंच फोटो थोडा फिरवून सरळ करता येतो.

दुसरं, उजेड. ब्राइटनेस नावाची पट्टी असते. स्नॅपसीडमध्ये ती ‘ट्यून इमेज’मध्ये आहे. बोट वर-खाली केलं की काम निवडता येतं आणि डावी-उजवीकडं केलं की ते कमी-जास्त होतं. वर आकडा दिसतो. दहा, पंधरा, फार तर वीस. पन्नासपर्यंत जायची वेळ आली तर फोटो सोडा आणि दारात जाऊन नवा काढा.

तिसरं, रंगाची दुरुस्ती. फोटो पिवळट किंवा निळसर आला असेल तर ‘वॉर्म्थ’ किंवा ‘व्हाइट बॅलन्स’ वापरा. एक युक्ती सांगते. फोटो काढताना मालाशेजारी एक पांढरा कागद ठेवा. स्नॅपसीडच्या व्हाइट बॅलन्समध्ये ड्रॉपरचं चिन्ह असतं. ते घेऊन त्या कागदावर टेकवा. ॲपला कळतं की हे खरं पांढरं आहे, आणि त्या हिशेबानं ते बाकीचे रंग जागेवर आणतं. मग कागद क्रॉप करून टाका. साडी, गोधडी, हळद, तिखट अशा रंगाच्या मालाला ही युक्ती फार कामाची आहे.

चौथं, डाग काढणं. ‘हीलिंग’ नावाचं साधन असतं. चादरीवरचा ठिपका, खाली सांडलेला पिठाचा कण त्यानं निघतो. पण हे फक्त खालच्या कपड्यावर. मालावर नाही. ते का, ते पुढं सांगते.

काम करताना फोटोवर बोट दाबून धरलं की मूळ फोटो दिसतो, सोडलं की सुधारलेला. सारखं तपासत राहा. आणि सेव्ह करताना नवीन प्रत म्हणून करा. मूळ फोटो राहू द्या, कधी बिघडलं तर परत करता येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोटो सुधारताना तो माल शेजारी ठेवा. आठवणीवर रंग लावू नका. फोनचा उजेड मध्यम ठेवा. बॅटरी वाचवायला आपण पडदा अंधारा ठेवतो, मग फोटो अंधारा वाटतो, मग आपण तो जास्त उजळ करतो आणि समोरच्या बाईला पांढराफटक दिसतो. डोळ्यांसाठी पडदा पिवळसर करणारी सोय चालू असेल तर तीही तेवढ्यापुरती बंद करा. एकदा फोटोकडं बघा, एकदा मालाकडं. दोन्ही सारखे दिसले की काम झालं.

कुठं थांबायचं

एका गटाची गोष्ट सांगते, गावाचं नाव घेत नाही. गटाची हळद घरची, शिजवून वाळवून दळलेली. मुलानं हौसेनं फोटोवर फिल्टर लावला. हळद अशी पिवळीधमक झाली की बघत राहावं. गिऱ्हाइकाचा मेसेज आला, ‘ताई, यात रंग घातलाय का?’ बघा, माल शंभर नंबरी आणि संशय फोटोमुळं. हळदीत आणि तिखटात रंगाची भेसळ होते हे शहरातल्या बायकांना चांगलं माहीत आहे, त्या भडक रंगाला घाबरतात. मग त्या गटानं साधा फोटो काढला. सुपात हळकुंडं, शेजारी वाटीत दळलेली हळद. संशय मिटला.

ॲपमध्ये ‘सॅच्युरेशन’ नावाची पट्टी असते. ती रंग भडक करते. मालाच्या फोटोत तिला हात लावू नका. ‘व्हिव्हिड’, ‘फूड’ असल्या तयार फिल्टरचंही तेच.

तुटका पापड फोटोतून पुसायचा नाही. गोधडीवरचा डाग पुसायचा नाही. डाग असेल तर तो दाखवा, किंमत कमी लावा आणि तसं लिहा. लहान वस्तू मोठी दिसेल असा फोटो नको. शेजारी वाटी किंवा पाच रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे मापाचा वाद होत नाही. इंटरनेटवरून दुसऱ्याच्या लाडवांचा सुंदर फोटो घेऊन आपल्या नावावर टाकायचा नाही. एआयला सांगून बनवलेला फोटोही नाही, कारण त्यातला लाडू कुणीच वळलेला नसतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाईची तरतूद आहे. पण कायद्याचं राहू द्या. आपल्या गटाचं नाव आपण दर महिन्याला पै-पै जमवून कमावलंय, ते एका फिल्टरवर का घालवायचं?

फोटोवर लिहिणं आणि पाठवणं

फोटोवर नाव, दर लिहायचा असेल तर कॅनव्हा हे ॲप बरं आहे. त्यात मराठी अक्षरं येतात. फुकटातलं पुरतं. मागची जागा एका दाबात काढून टाकायची सोय मात्र पैशाची आहे. आपल्याला तिची गरज नाही, आपण चादर अंथरलीच आहे. फोटोवर चारच गोष्टी लिहा. मालाचं नाव, वजन, दर आणि गटाचा नंबर. अक्षरं मोठी, मालावर न येतील अशी. आणि दर लिहिला की ‘या तारखेपर्यंत’ हे लिहाच. आपले फोटो एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर फिरत राहतात. दिवाळीचा दर शिमग्याला कुणीतरी दाखवतं आणि म्हणतं, ‘यात तर कमी लिहिलंय.’

खायच्या मालाच्या लेबलचा एक फोटो वेगळा आणि वाचता येईल असा हवाच. त्यावर एफएसएसएआय नोंदणीचा १४ आकडी क्रमांक, वजन, तारीख आणि घटक दिसले पाहिजेत. शहरातलं गिऱ्हाईक आता हे विचारतं.

व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना तो लहान केला जातो, म्हणून बारीक टाके पुसट दिसतात. पाठवायच्या आधी वर ‘एचडी’ लिहिलेलं दिसतं, ते दाबा. स्टेटसचा स्क्रीनशॉट काढून पुढं पाठवू नका, मूळ फोटो पाठवा. प्रदर्शनाच्या बॅनरसाठी किंवा छापायला फोटो द्यायचा असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो. मात्र त्यात फोटो कुठं काढला ती जागाही जाऊ शकते. म्हणून घरी काढायच्या फोटोसाठी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद ठेवा.

गटासाठी व्हॉट्सॲप बिझनेस घ्या. त्यात कॅटलॉगची सोय आहे. वस्तूचं नाव, दर आणि फोटो एकदा भरले की कुणी विचारलं तर लिंक पाठवायची. रोज दहा जणींना दहा फोटो पाठवायची दगदग वाचते.

काही फोटो सुधारायचे नसतात

बैठकीचा फोटो, प्रशिक्षणाचा फोटो, शेळी खरेदीचा फोटो, पावसानं पीक आडवं झाल्यावर पंचनाम्यासाठी काढलेला फोटो, हे पुरावे आहेत. ते फिरवून सरळ केले तर ठीक, पण त्यात काही पुसायचं नाही, काही वाढवायचं नाही. यासाठी आपण तारीख आणि जागा छापणारा जीपीएस कॅमेरा वापरतो. ते बरोबर आहे. पण तोच कॅमेरा मालाच्या किंवा मुलांच्या फोटोला वापरून स्टेटसवर टाकू नका, घराचा पत्ताच जगाला कळतो.

आणि याची दुसरी बाजू लक्षात ठेवा. जसा आपण फोटो सुधारतो, तसा कुणीही पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट बनवू शकतो. हिरवी खूण, रक्कम, तारीख सगळं दिसतं आणि खात्यात मात्र काही नसतं. समोरच्यानं स्क्रीनशॉट पाठवला की लगेच माल देऊ नका. आपल्या खात्यात रक्कम आली का ते आपल्या ॲपमध्ये किंवा बँकेत बघा. स्क्रीनशॉट म्हणजे जमा नव्हे. ही ओळ गटाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आपले चेहरे

आता मालाचं सोडून माणसांचं बोलते.

कुणाचाही फोटो टाकण्याआधी विचारायचं. बैठकीला आलेली एखादी ताई घरी वेगळं सांगून आलेली असू शकते. ग्रुपवर टाकलेला फोटो तिच्या घरी पोचला तर पुढच्या महिन्यात ती येणार नाही. ‘नको’ म्हणाली तर नको. कारण विचारायचं नाही. आणि हप्ता थकला म्हणून कुणाचा फोटो ग्रुपवर टाकणं हे आपल्या महासंघात कधीच होता कामा नये. हप्ता बैठकीत मागायचा, अब्रू चव्हाट्यावर आणायची नाही.

पुष्कळ फोनमध्ये ‘ब्यूटी’ नावाची सोय असते, काहींमध्ये ती आधीपासूनच चालू असते. ती चेहरा गोरा आणि गुळगुळीत करते. कधी कधी नाकडोळेही बदलते. ती बंद करा. अहवालात, प्रदर्शनाच्या फलकावर, गटाच्या पाकिटावर आपला फोटो छापायचा असेल तर तो आपल्यासारखा दिसला पाहिजे. ज्या मावशीनं तीस वर्षं उन्हात खुरपणी केली तिचा चेहरा फोननं गोरा करून द्यावा, असं त्या चेहऱ्यात काय कमी आहे? आणि धंद्याच्या दृष्टीनंही बघा. गिऱ्हाईक जेव्हा ‘घरचं, हातचं’ म्हणून पैसे मोजतं, तेव्हा त्याला खरे हात आणि खरा चेहराच बघायचा असतो. पापड लाटणारे हात, बांगड्या, पिठाचे डाग, हे सगळं राहू द्या. चेहरा उजेडाकडं करून बसा म्हणजे झालं. दाराकडं पाठ केली की चेहरा काळा येतो. ती चूक फोनची असते, तुमच्या रंगाची नव्हे.

आणखी एक. २०२५ च्या सप्टेंबरात एआयनं साडीतले फोटो बनवायची लाट आली होती, आठवतंय? आपल्याही ग्रुपवर आले होते. हौस म्हणून ठीक, पण आपला चेहरा आपण कुणाच्या हातात देतोय ते बघावं. अनोळखी लिंकवरून आलेलं, प्ले स्टोअरच्या बाहेरचं फोटो ॲप घेऊ नका. फोटो सुधारणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट, मेसेज आणि कॉल लागत नाहीत. मागितले तर ‘नाही’ दाबा. सगळ्या गॅलरीची परवानगी मागत असेल तर नव्या फोनमध्ये ‘निवडक फोटो’ असा पर्याय येतो, तो द्या. मुलींचे आणि लहान मुलांचे फोटो तर जपूनच.

आणि कधी कुणी तुमचा किंवा तुमच्या लेकीचा फोटो बदलून धमकी दिली, तर तीन गोष्टी करा. पैसे देऊ नका. मेसेज पुसू नका, ते पुरावे आहेत. आणि गप्प बसू नका. सायबर तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे, महिला हेल्पलाइन १८१ आहे, तातडीला पोलिसांचा ११२ आहे. त्याआधी गटातल्या एकीला तरी सांगा. अशा वेळी मुलीला ‘तू फोटो टाकलासच कशाला’ असं म्हणायचं नाही. चूक फोटो बिघडवणाऱ्याची असते. आपण तिलाच दटावलं तर पुढच्या वेळी ती आपल्याला सांगणार नाही, आणि धमकावणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

पुढच्या बैठकीपर्यंत

ज्यांच्याकडं स्वतःचा फोन नाही त्यांनी मागं राहायचं नाही. गटात एक फोन पुरतो. पण फोटो दरवेळी मुलाकडून किंवा सुनेच्या भावाकडून काढून घेऊ नका. शिका त्यांच्याकडून, पण बोट तुमचं असू द्या. तुमच्या मसाल्याचा खरा रंग कोणता, हे त्या पोराला माहीत नसतं, तुम्हाला माहीत असतं. मला ॲप येतं, पण कुरडई नीट वाळली का नाही हे मला फोटोवरून काय, हातात घेऊनही सांगता येत नाही. तुम्ही बघताक्षणी सांगता. फोटो सुधारायला हीच नजर लागते, आणि ती तुमच्याकडं आहेच.

तर पुढच्या बैठकीला प्रत्येक गटानं एका वस्तूचे दोन फोटो आणायचे, एक मूळ आणि एक सुधारलेला. आणि सोबत ती वस्तूही आणायची. आपण तिन्ही शेजारी ठेवू आणि सगळ्या मिळून बघू. जो फोटो वस्तूशी जुळेल तो महासंघाच्या कॅटलॉगमध्ये जाईल. जो जुळणार नाही तो तिथंच परत काढू, दाराच्या उजेडात, काच पुसून.

काही अडलं तर बैठकीत विचारा, नाहीतर मला फोन करा.